सुकलेले फूल आणि धम्म : इकेबाना कलेची समीक्षा

विहारात पुष्पपूजा करताना जी गाथा म्हटली जाते, तिचा आशय आपल्या सर्व उपासक-उपासिकांना परिचित आहे. हे फूल जसे कोमेजून जाते, तसाच हा देहही विनाशाकडे चालला आहे, असे स्मरण तीत आहे. पूजा फुलाने केली जाते. पण फुलाच्या सौंदर्यावर न थांबता त्याच्या कोमेजण्यावर लक्ष ठेवण्यास ती गाथा सांगते. जगातील बहुतेक धर्मांत देवाला ताजे, निर्दोष, न हुंगलेले फूल लागते. बौद्ध उपासकाला मात्र फूल वाहतानाच ते सुकणार आहे हे उच्चारावे लागते. ही गोष्ट लहान नाही.

या पूजेतूनच आपली कला जन्मली, असे जपानमधील इकेबाना परंपरा सांगते. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत या कलेचे वर्ग चालतात, प्रदर्शने भरतात, आणि तिचा परिचय करून देताना 'बौद्ध पुष्पकला' हा शब्दप्रयोग सहजपणे केला जातो. १९५६ साली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, टोकियो येथे 'इकेबाना इंटरनॅशनल' ही संस्था स्थापन झाली आणि तेव्हापासून या कलेचा जगभर प्रसार झाला. एखादी कला स्वतःला बौद्ध म्हणवीत असेल, तर तिला धम्माच्या कसोटीवर घासून पाहण्याचा अधिकार आम्हांला आहे. किंबहुना ते आमचे कर्तव्यच आहे. प्रस्तुत लेखात आम्ही तोच प्रयत्न करीत आहोत.

प्रथम या कलेचे स्वरूप पाहू. आपल्याकडील गुच्छात किंवा हारात फुलांची संख्या व रंगांची दाटी महत्त्वाची असते. इकेबानात एक वाकडी फांदी, दोन कळ्या, गवताचे एखादे पाते आणि भोवतालची मोकळी जागा एवढ्यावर काम भागते. पाइनची फांदी, फुले येण्यापूर्वीची प्लमची काटकी, शेवाळ चढलेले लाकूड, शरद ऋतूतील 'सुसुकी' नावाचे तुऱ्यांचे गवत, वाळलेल्या बिया, किडीने खाल्लेले पान, या सर्वांना त्यात स्थान आहे. बाजारात विकत न मिळणारे, रानात, ओढ्याकाठी किंवा कुंपणावर सापडणारे साहित्य येथे मानाने पात्रात उभे राहते. ज्या वस्तूकडे कोणी वळून पाहत नाही तिला मध्यभागी आणून ठेवणे, हा या कलेचा पहिला गुण होय आणि तो आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

तिच्या इतिहासाकडे वळताना दंतकथा आणि नोंद यांची गल्लत होऊ देता कामा नये. परंपरा अशी सांगते की, इ. स. ६०७ मध्ये चीनच्या सुई दरबारी राजदूत म्हणून गेलेला ओनो नो इमोको पुढे भिक्षू झाला आणि क्योतो येथील रोक्काकुदो या षट्कोनी विहाराच्या तळ्याकाठी राहून बुद्धमूर्तीसमोर फुले मांडू लागला. 'इकेनोबो' म्हणजे तळ्याकाठची कुटी; त्यावरून घराण्याचे नाव पडले. कथा सुंदर आहे. परंतु लेखी नोंदीत या विहाराचा पुष्परचनाकार सापडतो तो थेट १४६२ साली. त्या वर्षी सेन्केई नावाच्या रोक्काकुदोच्या भिक्षूने सुवर्णपात्रात फुले मांडली आणि ती पाहण्यासाठी क्योतोच्या लोकांनी गर्दी केली, असे एका समकालीन भिक्षूच्या दैनंदिनीत नमूद आहे. आणखी एक कथा वारंवार सांगितली जाते : भगवान बुद्धांनी मौन राहून एक फूल उचलून दाखविले आणि महाकाश्यपाने स्मित केले. या कथेला त्रिपिटकात कोठेही आधार नाही. ती चीनमधील झेन परंपरेत, तथागतानंतर हजारांहून अधिक वर्षांनी रूढ झाली. तिच्या आधारावर इकेबानाला बुद्धवचनाचे प्रमाणपत्र देणे योग्य नव्हे.

या कलेचे खरे वैचारिक बीज शोधायचे असेल तर ते सोळाव्या शतकातील इकेनोबो सेन्नो याच्या लेखनात शोधावे लागते. 'सेन्नो कुदेन' या नावाने ओळखली जाणारी त्याची शिकवण १५४२ च्या सुमाराची आहे. केवळ सुंदर फुले पात्रात ठेवून त्यांची वाहवा करणे ही जुनी रीत त्याने अपुरी ठरविली. वाळलेल्या फांदीलाही त्याने रचनेत जागा दिली आणि थोड्याशा पाण्यात व लहानशा डहाळीत डोंगर-नद्यांचा विस्तार दाखविता येतो, असे प्रतिपादन केले. फुललेले, फुलू पाहणारे आणि सुकलेले एकाच पात्रात शेजारी शेजारी आले, म्हणजे काळच त्या पात्रात उभा राहतो. जे आहे ते कशामुळे तरी आहे आणि कारण सरले की तेही सरणार आहे, हे शब्दांविना सांगण्याचे सामर्थ्य या मांडणीत निश्चितच आहे. पुष्पपूजेच्या गाथेचा आशय जर कोणत्या कलेने दृश्य रूपात उतरविला असेल तर तो येथे उतरला आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्या प्राचीन शिल्पांत याला पूर्वसूरी नाहीत असे नाही. सांची व अमरावती येथील पूर्णघटांतून कमळे उमलताना कोरलेली आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभ घटांतूनच उभे राहतात. कुडे लेण्यांच्या शिलालेखांत दानकर्त्यांमध्ये एक माळीही आहे. मात्र पूर्णघटातील कमळ नेहमी ताजे असते. समृद्धी दाखविणे हा त्याचा हेतू आहे. सुकलेल्या फांदीला पात्रात जागा देणे ही सेन्नोची देणगी आहे, हे मान्य केले पाहिजे.

पिटकातील फुलांविषयीची भूमिका याहून कठोर आहे आणि ती इकेबानाच्या अभ्यासकांनी सहसा विचारात घेतलेली दिसत नाही. आळवी येथील भिक्षू झाडे तोडू लागले तेव्हा लोकांनी नापसंती व्यक्त केली आणि वनस्पतीला इजा करणे हा भिक्षूसाठी दोष ठरविण्यात आला. कीटागिरी येथील भिक्षू फुलझाडे लावून, माळा गुंफून घराघरांत पाठवू लागले, तेव्हा संघाने त्यांच्यावर त्या स्थानातून निष्कासनाची कारवाई केली. तेथे दोष फुलांचा नव्हता. फुलांच्या देवघेवीतून भिक्षू गृहस्थांची मर्जी सांभाळू लागला हा होता. महापरिनिर्वाणाच्या प्रसंगी अकाली फुललेल्या शालवृक्षांची फुले तथागतांच्या देहावर पडत असल्याचे वर्णन आहे. त्यातील चमत्काराचा भाग आम्ही काव्य म्हणून बाजूस ठेवतो. महत्त्वाचे आहे ते त्यावर तथागतांनी आनंदाला दिलेले उत्तर. फुलांनी तथागताचा खरा सत्कार होत नाही. जे भिक्षू, भिक्षुणी, उपासक, उपासिका धम्मानुसार वागतात तेच तथागताचा सत्कार करतात, असे ते उत्तर आहे. म्हणजे कसोटी आचरणाची आहे. ही कसोटी पूजेला लागते तशी पूजेतून जन्मलेल्या कलेलाही लागते.

ती लावून पाहिली, म्हणजे पंधराव्या शतकातील क्योतो आपल्याला वेगळा दिसू लागतो. सेन्केईची फुले पाहायला लोक जमले त्याच काळात शोगुन आशिकागा योशिमासा याच्या आश्रयाने उद्यानकला, चहाविधी व पुष्परचना एकत्र बहरत होत्या. योशिमासाच्या उद्यानांचा सर्वांत नामवंत निर्माता झेनामी हा 'कावारामोनो' होता. कावारामोनो म्हणजे नदीकाठच्या वाळवंटात राहणारे लोक. मेलेली जनावरे ओढणे, कातडी कमावणे, विहिरी खणणे, दगड व झाडे हलविणे ही कामे त्यांच्याकडे होती आणि समाज त्यांना अपवित्र मानीत होता. याहून अधिक वर्णन आमच्या वाचकांसाठी करण्याची गरज नाही. झेनामी आजारी पडला तेव्हा स्वतः शोगुनाने त्याला औषध पाठविले, इतका त्याचा लौकिक होता. तथापि त्याचा नातू माताशिरो, जो स्वतःही निष्णात उद्यानकार होता, त्याचे मनोगत १४८९ च्या सुमारास एका झेन भिक्षूने नोंदवून ठेवले आहे. पशुवध करणाऱ्यांच्या घरात आपण जन्मलो याचे आपणांस मनापासून दुःख आहे. म्हणून आपण कोणाचा जीव घेणार नाही व धनाचा लोभ धरणार नाही, असा निश्चय आपण केला आहे, असे तो म्हणाला.

हे उद्गार आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. ज्या धर्माने प्राणातिपातापासून विरत राहण्याचे शील शिकविले, त्याच धर्माच्या छायेत या मनुष्याला आपल्या जन्माचीच लाज वाटावी! दोष मारण्याच्या कर्मात असतो. मेलेले ओढणाऱ्याच्या रक्तात नसतो. जपानमध्ये मात्र अहिंसेच्या शिकवणीचा आधार घेऊनच चर्मकामाशी जोडल्या गेलेल्या माणसांना अपवित्र ठरविण्यात आले आणि त्यात देशी शिंतो कल्पनांमधील विटाळाची भर पडली. शील हे माणसाला वर उचलण्यासाठी असते. ते माणसाला बाहेर ठेवण्याचे कुंपण झाले. पुढे एदो काळात 'एता' व 'हिनिन' हे दर्जे कायम झाले. १८७१ च्या शासकीय घोषणेने ते कायद्याने नष्ट केले, परंतु व्यवहारात भेदभाव राहिला आणि १९२२ मध्ये त्या समाजाला 'सुइहेइशा' ही स्वतःची समतेची संघटना उभारावी लागली. मृत्यूनंतर विहारातून दिल्या जाणाऱ्या धर्मनामांतही या लोकांना पशुवाचक, हीनतादर्शक अक्षरे चिकटविली जात. १९७९ मध्ये अमेरिकेतील एका जागतिक धर्मपरिषदेत सोतो झेन पंथाच्या प्रतिनिधीने जपानमध्ये असा भेदभावच नाही असे विधान केले. त्यावर मोठा क्षोभ झाला आणि अखेर त्या पंथाला आपली चूक जाहीरपणे मान्य करावी लागली. त्या थडग्यांसमोरही फुले नेमाने बदलली जात असतीलच. सुकलेल्या फांदीला पात्रात सन्मानाची जागा देणारी दृष्टी आणि माणसाच्या थडग्यावर हीन अक्षर कोरणारा हात एकाच संस्कृतीत नांदू शकले, ही गोष्ट इकेबानाच्या चर्चेतून वगळता येणार नाही.

सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू याने दरबारी भव्यतेला छेद देऊन पुष्परचना साधी केली. चहाच्या खोलीत फूल रानात असते तसे दिसावे, हा त्याचा दंडक होता. १५९० च्या ओदावारा मोहिमेत त्याने बांबू कापून फुलपात्रे तयार केली. कात्सुरा नदीवरील कोळ्याची मासे ठेवण्याची टोपली त्याने फुलपात्र म्हणून वापरली असेही सांगतात. त्याच्या चहाच्या खोलीचे दार इतके बुटके असे की, सामुराईलाही तलवार बाहेर ठेवून वाकून आत यावे लागे. समतेच्या दिशेने टाकलेले हे पाऊल होते यात शंका नाही. परंतु कोळ्याची टोपली आत आली, कोळी बाहेरच राहिला. रिक्यूविषयीच्या एका प्रसिद्ध आख्यायिकेचे कौतुक तर आम्हांला कधीच करता आले नाही. हिदेयोशी बाग पाहायला येणार म्हणून त्याने मॉर्निंग ग्लोरीची सारी फुले छाटून टाकली आणि आत पात्रात एकच ठेवले, अशी ती कथा. तिला सौंदर्यदृष्टीचा परमोत्कर्ष म्हणतात. एका सत्ताधीशाच्या चकित नजरेसाठी संपूर्ण बहर जमीनदोस्त करणे यात संयम आहे की अहंकार, हे वाचकांनीच ठरवावे.

यानंतरच्या काळात ही कला धम्मापासून अधिकच दूर गेली. एदो काळात लोकप्रिय झालेल्या 'सेइका' शैलीत तीन मुख्य रेषांना स्वर्ग, मानव व पृथ्वी अशी नावे मिळाली. ही चौकट चिनी परंपरेतील, मुख्यतः कन्फ्यूशियसच्या विचारातील आहे. वर स्वर्ग, खाली पृथ्वी आणि मध्ये माणूस अशी उतरंड प्रतीत्यसमुत्पादात बसत नाही. तेथे सर्व काही परस्परांवर अवलंबून असते. वरचे-खालचे असे काही नसते. तरीही आपल्याकडील परिचयलेखांत या त्रिसूत्रीलाच इकेबानाचे बौद्ध तत्त्वज्ञान म्हणून सादर केले जाते.

याहून गंभीर बाब 'इएमोतो' पद्धतीची आहे. प्रत्येक संप्रदायाचा प्रमुख हा घराण्यातून येतो. शिष्याला पदव्या देण्याचा अधिकार त्याचा, शैली ठरविण्याचा अधिकारही त्याचाच. इकेनोबो घराणे आपली पंचेचाळीस पिढ्यांची परंपरा सांगते. २०१५ मध्ये पंचेचाळिसाव्या प्रमुखांच्या कन्येने भावी उत्तराधिकारी म्हणून 'सेन्को' हे परंपरागत नाव धारण केले. स्त्रीकडे हा वारसा येणे निश्चितच स्वागतार्ह आहे, परंतु तोही जन्माच्याच दाराने आला. वडिलांशी मतभेद होऊन सोफू तेशिगाहारा याने १९२७ मध्ये 'सोगेत्सु' संप्रदाय स्थापन केला. ठरावीक नियमांपासून मुक्ती आणि कोणत्याही माणसाने, कोठेही, कोणत्याही वस्तूने पुष्परचना करावी ही त्याची घोषणा होती. झाडांची मुळे, वाहून आलेले लाकूड, लोखंड हे सारे त्याने रचनेत आणले. बंडखोराचा हा संप्रदाय १९७९ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर कोणाकडे गेला? प्रथम मुलीकडे, लवकरच मुलाकडे म्हणजे प्रख्यात चित्रपटदिग्दर्शक हिरोशी याच्याकडे, आणि २००१ मध्ये नातीकडे. साहित्याच्या बाबतीत मुक्ती मिळाली. वारशाच्या बाबतीत बंडही घराण्यातच राहिले. डॉ. बाबासाहेबांनी आपल्याला जन्मावरून अधिकार ठरविणारी कोणतीही व्यवस्था तपासून पाहण्यास शिकविले आहे. तथागतांनी तर स्वतःच्या संघालाही उत्तराधिकारी नेमून दिला नाही. धम्म हाच शास्ता राहील असे सांगितले. त्यांच्या नावाने चालणाऱ्या कलेत वंशपरंपरेचे सिंहासन असावे हा उघड अंतर्विरोध आहे.

यावर कोणी म्हणेल की, कलेचे मूल्य तिच्या समाजव्यवस्थेवरून ठरवू नये. पात्रातील फांदी सुंदर आहे की नाही एवढेच पाहावे. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. फांदी सुंदर आहेच. परंतु इकेबाना केवळ सौंदर्याचा दावा करीत नाही, ती बोधाचा दावा करते. बोधाचा दावा करणाऱ्याला आचरणाचा प्रश्न विचारला जाणारच.

या परंपरेतूनच एक माणूस असा निघाला की ज्याने तो प्रश्न आपल्या पद्धतीने विचारला. नाकागावा युकिओ (१९१८-२०१२) हा बालपणीच्या हाडांच्या आजाराने पाठीत वाकलेला होता. इकेनोबो संप्रदायात शिकून १९५१ मध्ये तो त्यातून बाहेर पडला. पुढे कोणत्याही संप्रदायात गेला नाही आणि स्वतःचाही संप्रदाय काढला नाही. त्याने ताज्या फुलाकडे पाठ फिरवून कुजण्याकडे पाहिले. १९७३ च्या 'हानाबोझू' या रचनेत सुमारे नऊशे कार्नेशन फुलांच्या पाकळ्या काचेच्या पात्रात दाबून भरून ते पात्र पांढऱ्या कागदावर उपडे ठेवले होते. फुलांचा तांबडा रस झिरपून कागदभर पसरला. नावाचा अर्थ 'फूल-भिक्षू' असा होतो. छायाचित्रातही ते दृश्य सहजासहजी पाहवत नाही. विनाशाचे सौम्य, काव्यमय सूचन सेन्नोने केले होते. नाकागावाने विनाशच समोर ठेवला. देहाच्या कुजण्याचे अवलोकन करण्यास सतिपट्ठान सुत्त सांगते, ती अशुभभावना येथे फुलाच्या रूपाने प्रत्यक्ष दिसते. २००२ मध्ये त्याने नीगाता प्रांतात शिनानो नदीच्या काठी हेलिकॉप्टरमधून ट्युलिपच्या असंख्य पाकळ्यांचा वर्षाव केला आणि त्याखाली वयोवृद्ध नर्तक ओहनो काझुओ नाचला. विहारातील फुले उधळण्याच्या विधीचेच नाव त्याने या रचनेला दिले होते. या दुसऱ्या रचनेत भव्यतेचा मोह आम्हांला जाणवतो. 'हानाबोझू'ची निर्दय शांतता तीत नाही. तथापि इकेबाना परंपरेतील धम्माच्या सर्वांत जवळचा कलावंत कोण, असे कोणी विचारल्यास आम्ही नाकागावाचेच नाव घेऊ.

आणि तरीही, कुजणाऱ्या फुलांपाशी सर्वांआधी उभा असलेला माणूस तो नव्हे. थेरगाथेत सुनीत थेरांचे उद्गार आहेत. हीन मानल्या गेलेल्या कुळात जन्म, दारिद्र्य, अपुरे अन्न, आणि काम कोणते? पालीत शब्द आहे 'पुप्फछड्डक', म्हणजे सुकलेली फुले गोळा करून टाकणारा. डॉ. बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पददलितांच्या धम्मदीक्षांमध्ये सुनीताची कथा आवर्जून घेतली आहे, कारण तिचे मोल त्यांनी ओळखले होते. इतरांनी वाहिलेली फुले सुकल्यावर उचलणारा हा माणूस राजगृहाच्या रस्त्यात तथागतांना पाहून कावड खाली ठेवतो आणि वंदन करतो. तथागत त्याला भिक्षू म्हणून बोलावितात. त्याच्या टोपलीतील सुकलेल्या फुलांवर ते काव्य करीत नाहीत. टोपली वाहणारा माणूस ते वर उचलतात.

आपल्या विहारांतही रोज फुले वाहिली जातात, आणि वाहणारे हात पुष्कळ असतात. सकाळी पूजास्थानावरून कालची फुले काढून, देठांचे पाणी उपसून, फरशी पुसणारे हात बहुधा एखाद्या वयस्क उपासिकेचे किंवा मोलाने ठेवलेल्या मुलाचे असतात, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्यांचे नाव कधीच येत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर वाहिलेले हार आणि त्यांचे प्लॅस्टिकचे वेष्टन उचलणारे पालिकेचे सफाई कामगार कोणत्या वस्त्यांतून येतात, हेही आपणांस ठाऊक आहे. इकेबानाकडून घ्यायचेच असेल तर एवढे घ्यावे : बाजारातील हारांच्या राशीऐवजी ओढ्याकाठचे लव्हाळे, बांधावरचे कुर्डू, गळून पडलेला पळस किंवा वाळलेली बाभळीची शेंग पूजास्थानी ठेवावी, त्यासाठी झाड तोडावे लागत नाही. फुले ज्याने वाहिली त्यानेच दुसऱ्या दिवशी ती उचलावी, असा नियम विहार समित्यांनी करावा, आणि सुरुवात अध्यक्ष व कार्यवाह यांच्या पाळीपासून करावी.